स्नायू नाहीत, मेंदू नाही, तरी १०० मिलिसेकंदांत सापळा बंद: व्हीनस फ्लायट्रॅपचं मेकॅनिक्स

गेल्या वर्षी मी ऑनलाइन एक व्हीनस फ्लायट्रॅप मागवला. घरी आल्यावर अर्थातच सगळ्यांनी त्यात काड्या घालून पाहिल्या. भाचा दहा वर्षांचा आहे, त्याने विचारलं, "मामा, याला मसल्स नाहीत, मग हे मिटतं कसं?" मी शाळेतलं उत्तर ठोकून दिलं: "पेशींमधलं पाणी इकडून तिकडे जातं, लाजाळूसारखं." त्याचं समाधान झालं. माझं मात्र झालं नाही, कारण त्याच दिवशी मी फोनवर त्याचा स्लो-मोशन व्हिडिओ काढला होता.

फोन सेकंदाला २४० फ्रेम्स घेतो, म्हणजे एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदांची. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मी मोजलं. आधी पाती जरा जरा हलतात, मग एकदम झटका, मग शेवटी पुन्हा सावकाश. मधला झटका पंचवीस-सव्वीस फ्रेम्सचा, म्हणजे साधारण १०० मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायलासुद्धा एवढा वेळ लागतोच. एवढ्या वेळात पानाच्या जाडीतून पाणी खरंच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊ शकतं का?

नाही जाऊ शकत. भाच्याला मी अर्धवट, खरं तर चुकीचं सांगितलं होतं. बरोबर उत्तर शोधताना जे सापडलं ते माझ्या मते त्या झाडापेक्षाही भारी आहे, म्हणून हा लेख.

पाण्याची अडचण

वनस्पतीच्या पेशी म्हणजे पाण्याने फुगवलेले, मजबूत भिंतींचे फुगे. आतल्या पाण्याच्या दाबाला टर्गर म्हणतात आणि तो काही वातावरणांइतका असतो, गाडीच्या टायरमधल्या हवेपेक्षा बहुधा जास्तच. कोथिंबिरीची जुडी पाण्यात ठेवली की ताठ होते ती याच दाबामुळे. झाडाला हालचाल करायची असेल तर त्याच्या हातात मुख्य साधन हेच: कुठल्या तरी पेशींमध्ये पाणी भरा, कुठल्या तरी पेशींतून काढा. लाजाळूच्या देठाशी असलेली छोटी गाठ हेच करते. एका बाजूच्या पेशींतून पाणी बाहेर पडतं, त्या ढिल्या पडतात आणि पान खाली लोंबतं.

अडचण अशी की पाणी पेशींच्या जाळ्यातून झिरपत जातं. नळातून धावावं तसं धावत नाही. ओल्या स्पंजमधून पाणी पिळताना स्पंज जाड असेल तर जास्त वेळ लागतो, आणि हा वेळ जाडीच्या प्रमाणात नाही, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. एका पेशीची जाडी ५० मायक्रॉन आणि पानाची अर्धा मिलिमीटर धरली, तर पानातून पाणी आरपार जायला एका पेशीच्या शंभरपट वेळ लागणार. अल्गोरिदम शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. वर्गाने वाढणारी गोष्ट छोट्या इनपुटवर निरुपद्रवी असते आणि मोठ्या इनपुटवर जीव घेते.

यान स्कोथाइम आणि एल. महादेवन या दोघांनी २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये याच तर्कावर एक सुंदर पेपर लिहिला. वेगवेगळ्या वनस्पती आणि बुरशींच्या हालचाली घेतल्या, हलणाऱ्या भागाची जाडी विरुद्ध हालचालीला लागणारा वेळ असा आलेख काढला. पाण्याच्या झिरपण्याने जी वेगमर्यादा पडते ती या आलेखावर एका रेषेसारखी दिसते. बऱ्याच हालचाली रेषेच्या अलीकडे, म्हणजे पाण्यानेच चालणाऱ्या. काही मात्र रेषेच्या पलीकडे. पलीकडे जायचं तर एकच मार्ग आहे: ऊर्जा आधी सावकाश साठवायची आणि मग एकदम सोडायची. धनुष्यासारखं. दोरी ओढायला कितीही वेळ लागू दे, बाण सुटताना त्याला हाताच्या वेगाची मर्यादा नसते.

व्हीनस फ्लायट्रॅप रेषेच्या पलीकडे आहे.

केसांतली टिकटॅक पिन

मुलींच्या केसांना लावायच्या टिकटॅक पिना सगळ्यांनी पाहिल्या असतील. पत्र्याची वाकडी पट्टी असते. दाबत गेलं की आधी थोडी वाकते, मग एका क्षणी 'टक्' करून उलट्या बाजूला जाते. मधल्या अवस्थेत ती थांबतच नाही. इकडे राहील नाही तर तिकडे. पूर्वी जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा, त्याच्या पोटातली पट्टी दाबली की 'टिक-टिक' वाजायचं, तेही हेच. पावसात वाऱ्याने छत्री उलटी होते तेव्हाही असंच काहीसं होतं. आधी ती विरोध करते, करते, आणि मग एकदम हार मानते.

याला इंजिनिअरिंगमध्ये स्नॅप-बकलिंग म्हणतात. आम्हाला बकलिंग शिकवलं ते "हे होऊ नये म्हणून काय करायचं" या हेतूने: खांब वाकू नये, पत्रा दबू नये. परीक्षेत सूत्र लिहिलं आणि विसरलो. इथे एक झाड त्याच बिघाडावर पोट भरतं.

फ्लायट्रॅपचा सापळा म्हणजे पानाच्या टोकाशी मधल्या शिरेने जोडलेली दोन पाती. सापळा उघडा असताना पातं आतून पाहिलं तर फुगीर, म्हणजे बहिर्वक्र दिसतं. मिटल्यावर तेच आतून खोलगट, अंतर्वक्र होतं, दोन ओंजळी समोरासमोर जोडल्यासारखं. आपल्याला वाटतं की पुस्तक मिटावं तसा हा सापळा बिजागरीवर मिटतो. प्रत्यक्षात बिजागरीचं काम थोडं आहे. मुख्य बदल होतो तो पात्याचा बाक उलटण्यात.

हे २००५ मध्ये योएल फोर्तेर, स्कोथाइम, झाक द्यूमे आणि महादेवन यांनी 'नेचर'मध्ये मांडलं. त्यांनी पात्यांवर बारीक ठिपके रंगवले, हाय-स्पीड कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि प्रत्येक क्षणी पृष्ठभाग किती आणि कुठे वाकला हे ठिपक्यांवरून काढलं. मला फोनवर दिसले तेच तीन टप्पे त्यांनाही दिसले: सावकाश सुरुवात, मध्ये सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात बरीचशी हालचाल, मग पुन्हा सावकाश शेवट. (हे वाचून मला झालेला आनंद थोडा बालिश होता, पण होता.)

आता 'टक्' का होतं हे बघू. कागद वाकवणं सोपं आहे, ताणणं अवघड. कुठलीही पातळ चकती वाकायला स्वस्त आणि ताणायला महाग असते. पण पृष्ठभाग दोन्ही दिशांनी बाकदार असेल, म्हणजे वाटीसारखा, तर त्याचा बाक उलटवताना नुसतं वाकून भागत नाही, मध्ये कुठेतरी ताणावंच लागतं. पिझ्झाचा तुकडा मधोमध थोडा दुमडून धरला की टोक खाली पडत नाही, त्यामागेही हेच गणित आहे. हा ताण म्हणजे ऊर्जेची टेकडी. एका बाजूच्या दरीत उघडा सापळा, दुसऱ्या बाजूच्या दरीत मिटलेला सापळा, मध्ये चढ.

झाड काय करतं? दोन पात्यांना ओढत नाही. बाहेरच्या थराला मधल्या शिरेच्या आडव्या दिशेत आतल्या थरापेक्षा थोडं जास्त प्रसरण पावू देतं. त्यामुळे पात्याला मिटलेला आकार जास्त 'हवासा' वाटू लागतो, पण तो दोन्हीकडून बाकदार असल्यामुळे लगेच उलटू शकत नाही. ताण साठत जातो. हा पहिला, सावकाश टप्पा. मग टेकडीचा माथा येतो आणि पातं स्वतःच्या साठलेल्या स्थितिस्थापक ऊर्जेवर पलीकडे घरंगळतं. त्या घरंगळण्याला पाण्याची वाट पाहायची गरज नसते.

यातला एक भाग मला विशेष आवडला: सगळं भूमितीवर ठरतं. पान जितकं मोठं, जितकं पातळ आणि जितकं जास्त बाकदार, तितका झटका जोरात. लहान, जाड, सपाट पान असेल तर तेच प्रसरण होऊनही ते गपगुमान सावकाश मिटेल. म्हणजे वेग हा कुठल्या खास पेशीत किंवा रसायनात नाही, आकारात आहे. प्रोसेसर तोच, पण डेटा स्ट्रक्चर बदललं की प्रोग्रॅम हजारपट वेगात चालतो, तसं काहीसं.

पण मग बाहेरच्या थराला तो पहिला ढकला कोण देतं? यावर जुना वाद आहे. २०११ मध्ये मार्सेयच्या गटाने (फोर्तेर तिथलेच) एकेका पेशीत सूक्ष्म दाबमापक घालून पाणी किती वेगाने आत-बाहेर जातं ते मोजलं. पानाच्या पूर्ण जाडीतून पाणी जायला लागणारा वेळ मिटण्याच्या वेळेपेक्षा खूपच जास्त निघाला. त्यामुळे आतल्या थरातलं पाणी बाहेरच्या थरात जातं हे पाठ्यपुस्तकी चित्र टिकत नाही. बाहेरच्या पेशींच्या भिंती अचानक सैल होतात आणि आधीच दाबाखाली असलेल्या त्या पेशी फुगतात, ही शक्यता त्यातून जास्त पुढे आली. भाच्याला दिलेलं उत्तर नेमकं या ठिकाणी मोडतं.

दोनदा वाजवल्याशिवाय दार बंद होत नाही

एवढा ताणलेला सापळा पावसाच्या थेंबाने उडायला लागला तर झाडाचं दिवाळं वाजेल. चुकून मिटलेला सापळा पुन्हा उघडायला दिवसभर लागू शकतो, आणि एकेक सापळा आयुष्यात मोजक्या वेळाच मिटतो, मग काळा पडून गळतो. उघडणं म्हणजे वाढ असते, वाढीला खर्च येतो. माझ्याकडच्या पहिल्या तीन सापळ्यांचं आयुष्य पाहुण्यांच्या काड्यांनी संपवलं. तुमच्याकडे फ्लायट्रॅप असेल तर कृपा करून गंमत म्हणून मिटवू नका.

म्हणून प्रत्येक पात्यावर आत साधारण तीन बारीक केस असतात. केस वाकला की त्याच्या बुडाशी विद्युत स्पंदन तयार होतं आणि पूर्ण सापळ्यात पसरतं, आपल्या चेतातंतूंमध्ये असतं तसंच. डार्विनच्या सांगण्यावरून जॉन बर्डन-सँडरसन यांनी १८७३ मध्येच या झाडात विद्युत संकेत मोजले होते. एका स्पंदनाने काही होत नाही. वीस-तीस सेकंदांत दुसरं आलं तर सापळा मिटतो.

मेंदू नसताना हे 'लक्षात' कसं राहतं? जपानमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये असा फ्लायट्रॅप तयार केला ज्याच्या पेशींतलं कॅल्शियम वाढलं की त्या चमकतात. पहिल्या स्पर्शाला कॅल्शियम वाढतं, पण मर्यादेच्या खाली राहतं आणि हळूहळू ओसरू लागतं. ओसरण्याआधी दुसरा स्पर्श झाला तर बेरीज मर्यादा ओलांडते. आमच्याकडे सर्व्हरवर रिक्वेस्ट्सची गर्दी आवरायला गळक्या बादलीची युक्ती वापरतात: प्रत्येक रिक्वेस्ट एक तांब्या पाणी टाकते, बादलीला भोक आहे, काठोकाठ भरली की काहीतरी घडतं. इथे ती बादली पेशीत आहे.

एक बारीक दुरुस्ती. "दोनदा स्पर्श" हे सगळीकडे छापलेलं असतं, पण त्याच वर्षी झुरिकच्या गटाने दाखवलं की केस एकदाच, पण अगदी सावकाश वाकवला तरी त्यातून दोन स्पंदनं निघू शकतात आणि सापळा मिटतो. म्हणजे झाड स्पर्श मोजत नाही, स्पंदनं मोजतं. सावकाश सरपटणारी अळीसुद्धा यात सापडते.

मिटल्यावरही मोजणी चालू असते. आत अडकलेला किडा धडपडतो, केस वाजत राहतात. जर्मनीतल्या व्ह्युर्त्सबुर्गच्या राइनर हेडरिख यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की साधारण पाच स्पंदनांनंतर पाचक रस बनवायचं काम जोरात सुरू होतं. धडपड जितकी जास्त तितका रस जास्त. किडा निसटला किंवा आत काडीच असेल तर स्पंदनं थांबतात आणि सापळा पुन्हा उघडतो. बिचाऱ्या किड्यासाठी गप्प बसणं हाच उपाय, पण त्याला कोण सांगणार.

माझा सापळा मंदावला तेव्हा

एप्रिलमध्ये मी आठवडाभर गावी गेलो. कुंडीखालच्या ताटलीत पाणी भरून ठेवलं होतं, ते उन्हात केव्हाच आटलं असावं. परत आलो तेव्हा झाड मेलं नव्हतं, पण मरगळलेलं होतं. पाणी घातलं. त्याच संध्याकाळी एक मुंगी एका सापळ्यात शिरली आणि सुदैवाने फोन हाताशी होता.

सापळा मिटला, पण झटका नव्हता. आळसावलेल्या माणसाने मूठ मिटावी तसा तो मिटत गेला. मी फ्रेम्स मोजायला लागलो आणि तीनशेच्या पुढे सोडून दिलं. मुंगी मधल्या दात्यांतून आरामात बाहेर गेली. मला वाटलं झाड आजारी आहे, कीड लागली, खत हवं. (फ्लायट्रॅपला खत कधीही घालू नका, त्याने मुळं जळतात. नळाचं क्षारयुक्त पाणीही नको. पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं.)

उत्तर एका पेपरमध्ये मिळालं. २०२० मध्ये फ्रायबुर्ग आणि स्टुटगार्टच्या संशोधकांनी, त्यांत रेनाटे झाक्सं, सायमन पोपिंगा आणि थॉमस श्पेक होते, सापळ्याचं संगणकीय मॉडेल केलं. पूल किंवा गाडीच्या बॉडीचा ताण काढायला वापरतात तीच फायनाइट एलिमेंट पद्धत. पात्याचे तीन थर धरले आणि वेगवेगळ्या शक्यता तपासल्या: फक्त बाहेरचा थर फुगला तर, फक्त आतला आकसला तर, दोन्ही झालं तर. खऱ्या झाडाशी सगळ्यात चांगला मेळ बसला तो बाहेरचं प्रसरण आणि आतलं आकुंचन दोन्ही धरल्यावर. पण माझ्या कामाची गोष्ट वेगळी होती: या सगळ्याआधी सापळा 'तयार' स्थितीत असावा लागतो. आतल्या पाण्याच्या दाबामुळे थरांमध्ये आधीपासूनच ताण असावा लागतो, बंदुकीचा घोडा मागे ओढून ठेवल्यासारखा. पाणी कमी पडलेल्या सापळ्यांवरचे प्रयोग त्यांनी केले, आणि त्या सापळ्यांत तो झटका नीट येतच नव्हता.

म्हणजे पाण्याचा दाब महत्त्वाचा आहेच, फक्त मी भाच्याला सांगितलेल्या जागी नाही. पाणी मिटण्याच्या क्षणी धावत नाही, ते आधीच्या कित्येक तासांत येऊन सापळा ताणून ठेवतं. माझ्या कुंडीत केस चालत होते, विद्युत संकेत पोचत होता, सापळा मिटतही होता, पण टेकडी उरली नव्हती. सपाट रस्त्यावर बंद पडलेली गाडी ढकलावी तसं चाललं होतं. आणि सावकाश मिटणारा सापळा झाडाच्या दृष्टीने न मिटणाऱ्यापेक्षाही वाईट: खर्च सगळा होतो, शिकार मात्र निघून जाते.

कासच्या फुलांखाली

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर व्हीनस फ्लायट्रॅप सगळ्यात वेगवान आहे असा समज राहील. तो नाही. त्याच्याहून शंभरपट वेगवान सापळे असलेल्या वनस्पतींची भावंडं साताऱ्याजवळ कासच्या पठारावर पावसाळ्यात लाखोंनी फुलतात, आणि आपण त्यांच्यासमोर उभे राहून सेल्फी काढतो. निळसर-जांभळी, नाजूक 'सीतेची आसवं'. शास्त्रीय प्रजाती युट्रिक्युलारिया. फूल अगदी गरीब दिसतं. भानगड खाली, ओल्या मातीत आहे. तिथे डोळ्यांना जेमतेम दिसतील न दिसतील अशा पिशव्या असतात आणि त्या सूक्ष्म जीव खातात.

याच प्रजातीच्या पाण्यात तरंगणाऱ्या भावंडांच्या पिशव्या थोड्या मोठ्या, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे अभ्यास त्यांच्यावर जास्त झाला. पिशवीतल्या ग्रंथी सतत पाणी बाहेर फेकत राहतात. आत दाब कमी होतो, भिंती आत खेचल्या जातात, बुडाशी पिचकलेला ड्रॉपर असावा तशा. तोंडाशी एक पातळ, बाहेर फुगलेलं दार. दारावरच्या केसांना पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव धडकला की दाराचा बाक उलटतो (पुन्हा तीच टिकटॅक पिन), दार आत उघडतं, भिंती मोकळ्या होतात आणि बाहेरचं पाणी जिवासकट आत ओढलं जातं. मग दार पुन्हा बंद.

ग्रनोब्लच्या फिलिप मार्मोतां यांच्या गटाने फ्रायबुर्गच्या लोकांबरोबर २०११ मध्ये हे सेकंदाला हजारो फ्रेम्स घेणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलं. दार उघडायला साधारण अर्धा मिलिसेकंद. शोषून घेण्याचं सगळं काम एका मिलिसेकंदाच्या आत. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरपर्यंत, आणि शिकारीला बसणारा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पटींपर्यंत. आकडा खरा वाटत नसेल तर हिशेब करून बघा: अर्ध्या मिलिसेकंदात शून्यावरून दीड मीटर प्रतिसेकंद म्हणजे सरासरीच गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट होतो. माझ्या फोनच्या एका फ्रेममध्ये हा प्रकार चार वेळा सुरू होऊन संपेल.

आणि यात विद्युत संकेताची मोजणी वगैरे नाही. दार इतकं काठावर तोललेलं असतं की केसाचा तरफेसारखा धक्का पुरतो. इतकं काठावर की काही पिशव्या कोणी हात न लावताही काही तासांनी आपोआप उडतात, पुन्हा पाणी उपसायला लागतात, पुन्हा उडतात. फ्लायट्रॅपने चुकीचा अलार्म टाळायला मोजणी ठेवली, हिने अलार्म चुकला तरी परवडेल असा स्वस्त ठेवला. पुन्हा सज्ज व्हायला हिला दिवस लागत नाही, अर्धा-एक तास पुरतो.

कासवरच दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा, हीसुद्धा असते. तिचे चिकट केस शिकारीभोवती सावकाश वळतात. पण दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या तिच्या एका बहिणीने, ड्रोसेरा ग्लँड्युलिजेराने, पानाच्या कडेला गलोलीसारखे लांब केस ठेवलेत. कीटक त्यांना लागला की ते सेकंदाच्या तेराव्या-चौदाव्या भागात वळून त्याला मधल्या चिकट भागावर फेकतात. किंमत अशी की वाकताना बिजागरीतल्या पेशी तुटतात, म्हणून प्रत्येक केस एकदाच चालतो. आणि आग्नेय आशियातली नेपेंथेस ग्रॅसिलिस तर स्वतः काहीच साठवत नाही. तिच्या घटाचं ताठ झाकण पावसाचा थेंब पडला की स्प्रिंगबोर्डसारखं खाली आपटतं आणि झाकणाखाली बसलेली मुंगी थेट घटात. ऊर्जा पावसाची, मेहनत शून्य. आळशीपणाची ही पातळी मला प्रोग्रॅमर म्हणून वंदनीय वाटते.

रोबोच्या हातात पान

यात इंजिनिअर लोकांना रस का, तर मोटर न लावता झटकन पकडणारा, मऊ आणि हलका हात सगळ्यांनाच हवा आहे. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये खऱ्या फ्लायट्रॅपच्या पानाला मऊ इलेक्ट्रोड चिकटवून, स्मार्टफोनवरून संकेत देऊन ते मिटवलं आणि रोबोच्या हाताला जोडून त्याने अर्धा मिलिमीटर जाडीची तार उचलून दाखवली. पुढच्या वर्षी स्वीडनच्या लिनशॉपिंगमध्ये सेंद्रिय पदार्थांपासून छापलेल्या कृत्रिम चेतापेशीने सापळा मिटवला. नुसत्या प्लॅस्टिकचे नकली फ्लायट्रॅपही बरेच झालेत. त्यांत 'टक्' करून मिटवणं जमतं, अडतं ते पुन्हा उघडण्यावर. झाड हळूहळू वाढून ताण परत भरतं, प्लॅस्टिकला कोणीतरी तो परत भरून द्यावा लागतो.

विकत घेणार असाल तर एक विनंती. हे झाड जंगलात फक्त अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनातल्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात, नायट्रोजन नसल्यासारख्या ओल्या वालुकामय जमिनीत उगवतं. तिथून ते इतकं चोरलं जातं की उत्तर कॅरोलायनाने २०१४ पासून ही चोरी गंभीर गुन्हा ठरवली. त्यामुळे रोप टिश्यू कल्चरचं आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्या.

माझ्या कुंडीतले जुने सापळे मे महिन्यात काळे पडले, ते मी कापून टाकले. जूनमध्ये गच्चीवर भांडं ठेवून पावसाचं पाणी साठवलं आणि तेच घालत गेलो. नवीन पानं आली. मागच्या रविवारी भाचा आला होता, त्याला पहिलं उत्तर चुकलं होतं हे सांगितलं आणि त्याच्या बहिणीची टिकटॅक पिन घेऊन पुन्हा समजावलं. तेवढ्यात एक माशी स्वतःहून आली. व्हिडिओ त्याने काढला, फ्रेम्सही त्यानेच मोजल्या: सत्तावीस.